धसका, उदासी आणि खायला उठलेलं घर

ताईनं गॅसचा सिलिंडर घरातून काढला आणि इंडक्शनची शेगडी आणली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. वय ६९, घरात एकटी, गॅस चुकून चालू राहायची धास्ती नको. शहाणपणाच केलास, म्हणालो. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही आणि भाकरीशिवाय ताईला जेवल्यासारखं वाटत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तिचा धाकटा भाऊ, तिच्या हातच्या भाकरीवर वाढलेला. माझ्याही नाही.

बडोद्याच्या रावपुऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. ३५ वर्षं काउंटरमागे उभा आहे. मी डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञ तर नाहीच. पण कोण काय घेऊन जातं, कोण अर्ध्यात सोडतं, कोण चिठ्ठी नसताना आवाज खाली आणून काय मागतं, हे आम्हाला रोज दिसतं. बडोद्यात "केम छो?" म्हटलं की "मजामां" हेच उत्तर. मराठी असो, गुजराती असो, सगळे मजामां. मग गिऱ्हाईक जरा पांगलं की तोच माणूस पुढे वाकून म्हणतो, "गभरामण थाय छे, झोपेचं काहीतरी हलकंसं द्या ना." बायका म्हणतात, जीव घाबरा होतो. पुरुष ॲसिडिटी सांगतात.

आपल्या भाषेत या दुखण्यांना जुने शब्द आहेत. एखाद्यानं धसका घेतला म्हणतो. कशातच राम वाटत नाही म्हणतो. घर खायला उठतं म्हणतो. यातल्या पहिल्याला डॉक्टरी कागदावर पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, म्हणतात. दुसरं डिप्रेशन. तिसरा एकटेपणा, तो आजार म्हणून कुठल्या कागदावर येत नाही, पण पहिल्या दोघांना खतपाणी तोच घालतो. तिन्ही वेगळे असले तरी एकमेकांत अडकून येतात, आणि मला इथे सांगायचंय ते त्या गाठीबद्दल. ताईला विचारून लिहितोय. तिनं वाचून दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

२६ ऑगस्ट २०२४. जन्माष्टमीचा दिवस. पाऊस थांबेना, वर आजवा धरणाचं पाणी, आणि पुढच्या दोन दिवसांत विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली. बडोदेकरांना ते दिवस सांगायला नकोत. वस्त्यांतून मगरी पकडून नेत होते, लष्कर बोलवावं लागलं. ताईचा फ्लॅट समा भागात, तळमजल्यावर. पाणी रात्री आलं. आधी मोरीतून उलटं, मग दाराखालून. वीज गेलेली. मला तिचा एक फोन आला, तेवढ्यात तिची बॅटरी संपली. आमच्यामध्ये छातीभर पाण्याचे रस्ते होते. देवघरातला चांदीचा बाळकृष्ण ओच्यात घेऊन ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय पोटाशी धरून बसली, पहाटे वरच्या मजल्यावरची मुलं "मासी, ओ मासी" करत येईपर्यंत. अंधारात रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगत होता आणि ओट्याखालच्या कपाटावर आदळत होता. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

हे तिनं आम्हाला सांगितलं तब्बल सहा महिन्यांनी. त्याआधी विचारलं की म्हणायची, "अरे, सगळ्यांचंच झालं तसं माझं झालं."

आता डोक्यात काय होतं ते बघू. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एक भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसला की घंटा वाजवायची हे त्याचं काम. घंटा वाजली की ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, हातपाय ताठ होतात. साप दिसल्यावर आपण आधी मागे उडी मारतो आणि मग ती दोरी होती हे बघतो, ते याच्यामुळे. ही घंटा चांगली आहे, तिनंच माणूस जगवला. तिच्या शेजारी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. घडलेल्या गोष्टीवर कधी, कुठे, कुठल्या क्रमानं असा शिक्का मारून ती नीट लावून ठेवायचं काम बरंचसं त्याचं. आणि कपाळामागचा भाग घंटेला सांगतो, बास, धोका टळला.

प्रचंड भीतीच्या वेळी घंटा एवढी वाजते की शिक्का नीट बसत नाही. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. होलसेलरकडून आलेल्या बिलावर तारीख नसेल तर ते जुन्या फायलीत लावता येत नाही. ते टेबलावरच पडून राहतं, आणि दर वेळी हातात आलं की वाटतं हे आजचंच, आत्ताच फेडायचंय. धसका घेतलेल्या माणसाची आठवण अशी बिनतारखेची असते. म्हणून ती 'आठवत' नाही, ती पुन्हा घडते. आवाज, वास, ओला स्पर्श, छातीतली धडधड, सगळं आत्ता. ताईच्या सोसायटीत सकाळी गॅसवाला आला की तो सिलिंडर जिन्याच्या पायरीवर टेकवत टेकवत वर नेतो. ठक. ठक. ताई तेव्हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची, म्हणजे आवाज ऐकू येणार नाही. मग नळाच्या पाण्याचा आवाजही नकोसा झाला.

पूर्वी हे सैनिकांचं दुखणं समजत. पहिल्या महायुद्धात खंदकातून थरथरत परत आलेल्यांना 'शेल शॉक' झालाय म्हणत, आणि कित्येकांना भेकड ठरवत. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून आलेल्यांची हालत पाहिल्यावर १९८० साली पीटीएसडी हे नाव मनोविकारांच्या अधिकृत यादीत आलं. पण त्याला युद्धच लागतं असं नाही. अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, आयसीयूतले दिवस, अवघड बाळंतपण, पूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो, आणि त्यांतल्या ५.६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेक जण सावरतात. एकाच पुरात दोन शेजारी सापडले आणि एक सावरला, दुसरा नाही, यात दुसऱ्याचं मन कच्चं असा हिशेब लावू नये. आधी कधी मोठा आघात झालाय का, तो प्रसंग किती वेळ चालला, आणि मुख्य म्हणजे नंतर कुणी पाठीशी होतं का, यावर पुष्कळ ठरतं.

पहिल्या महिनाभरात झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू ओसरतं. तेवढ्यावरून आजार म्हणत नाहीत. महिना उलटूनही तेच चालू असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर दाखवायचं. कधीकधी सहा महिने बरे जातात आणि मग हे वर येतं, तेही होतं. त्या पहिल्या दिवसांत घरच्यांनी माणसाला पकडून "सांग ना काय काय झालं, बोललीस की मोकळं वाटेल" असं करू नये. आम्ही नेमकं तेच केलं. पुण्याच्या मावसबहिणींनी तर व्हिडिओ कॉलवर विचारलं, पाणी नक्की कुठपर्यंत आलं होतं, दाखव. अशी जबरदस्तीची उजळणी उपयोगाची नाही, काहींना ती उलट बाधते, हे आता अभ्यासांतून दिसलंय. त्या वेळी लागतं ते कोरडं अंथरूण, जेवण, कागदपत्रं काढायला सोबत, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारा कान.

पीटीएसडीची लक्षणं डॉक्टर चार गटांत बघतात. प्रसंग पुन्हा जगणं, सतत सावध राहणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन काळवंडणं, आणि टाळणं. पहिली दोन चटकन दिसतात. ताई रात्रीतून तीनदा उठून मोरीवर हात ठेवून बघायची, हे मला दिसत होतं. शेवटचं, टाळणं, ते काही दिसत नाही. कारण ते नेहमी शहाणपणाचे कपडे घालून येतं. गॅस महाग झालाय. दांडिया बाजारात गणपतीला फार गर्दी असते. भजनी मंडळातल्या बायका नुसत्या गप्पाच मारतात. त्या वर्षी पूर ओसरून आठवड्याभरात, ७ सप्टेंबरला, गणपती होते. तिनं गौरी बसवल्या नाहीत, आम्ही म्हटलं, घरात चिखल, कसं करणार. आम्हाला प्रत्येक कारण पटत गेलं.

टाळल्यानं काय होतं? तर त्या क्षणी बरं वाटतं. खरोखर वाटतं, ते नाटक नसतं. पण घंटेला उलटा निरोप जातो: बघ, पळालो म्हणून वाचलो, म्हणजे धोका होताच. पुढच्या वेळी घंटा लवकर वाजते, आणि टाळायच्या गोष्टींची यादी वाढते. आधी सिलिंडर, मग जिना, मग जिन्याजवळचा बाक, मग त्या बाकावर बसणारी माणसं.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. डिसेंबरात ती म्हणाली झोप येत नाही. मी तिला जवळच्याच एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, "या वयात होतं असं" म्हणाले, आणि अल्प्राझोलाम लिहून दिली. वाईट माणूस नव्हे, बाहेर चाळीस पेशंट बसलेले. अल्प्राझोलाम ही शेड्यूल एच-वनमधली गोळी. देताना रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, संख्या, सगळं लिहावं लागतं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. माझ्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात माझ्या बहिणीचं नाव आहे, ओळीनं दोनदा. या गटातल्या गोळ्यांनी झोप लागते, धडधड बसते, पण धसक्याचं मूळ हलत नाही. पीटीएसडीसाठी त्या वापरू नयेत असंच उपचारांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांची सवय लागते, आणि म्हाताऱ्या माणसाचा रात्री तोल जातो. मला हे ठाऊक होतं. घरच्या माणसाच्या बाबतीत ठाऊक असलेलं आठवत नाही. जानेवारीत ताई रात्री मोरी बघायला उठली, पडली, आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत विचारलं, रात्री उठून कुठे निघाला होतात हेही विचारलं, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. (अशा गोळ्या कुणी बरेच दिवस घेत असेल तर हे वाचून एकदम बंद करू नका. त्या डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायच्या असतात, एकदम थांबवणं धोक्याचं असतं.)

तोवर दुसरी गोष्ट घरात शिरली होती. दुःख आणि डिप्रेशन यांतला फरक ताईच्या घरी मला स्वच्छ दिसला. भाऊजी गेले तेव्हा ती दुःखी होती. रडायची, मधूनच एखादी आठवण काढून हसायची, पोहे बिघडले तर चिडायची. आता ती रडतही नव्हती. सेवउसळ आणली तर दोन घास खाऊन वाटी बाजूला. नातवाचा फोटो दाखवला तर "छान" एवढंच. डॉक्टरांची मोजणी अशी: उदास मन किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी निदान एक, आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा जीव सैरभैर होणं, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार, असं धरून एकूण ९ पैकी ५ लक्षणं, दोन आठवडे, जवळजवळ रोज. वयस्कर माणसं 'उदास वाटतं' म्हणत नाहीत. ती कंबर, गुडघे, पोट, विसरभोळेपणा सांगतात. पीटीएसडी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना डिप्रेशनही असतं. सतत घंटा वाजत असलेलं शरीर थकणार नाही तर काय होईल?

आणि एकटेपणा. एकांत वेगळा, तो आपण मागून घेतो. एकटेपणा म्हणजे जेवढी आणि जशी माणसं हवीत तेवढी नसल्याची टोचणी. ती भरल्या घरातही असते. जॉन कॅसिओपो या अमेरिकी संशोधकानं त्याची तुलना भुकेशी केली. भूक लागली की शरीर अन्न शोध म्हणतं, तसं एकटं वाटलं की माणसं शोध. पण त्यांच्या कामातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बराच काळ एकटं राहिलेल्या माणसाचा मेंदू माणसांकडेही धोका म्हणून बघायला लागतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरची आठी आधी दिसते, हसू नंतर. मुलगा कॅनडात कामावर आहे म्हणून फोन उचलत नाही, पण ताईच्या डोक्यात ते "माझा कंटाळा आलाय त्याला" असं जायचं. मग ती फोन करायची नाही. मग त्याला वाटायचं, आई मजेत आहे. मजामां! जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५ मध्ये सांगितलं, जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो. ब्रिटननं २०१८ मध्ये आणि जपाननं २०२१ मध्ये यासाठी मंत्री नेमले, तेव्हा आपण हसलो होतो.

तर गाठ अशी पडते. धसक्यामुळे माणूस टाळतो. टाळल्यानं माणसं सुटतात. माणसं सुटली की दिवसात गोडीचं काही उरत नाही, आणि मन खचतं. खचलेल्या मनाला उठून बाहेर जायची ताकद नसते, म्हणून अजून टाळलं जातं. आणि रात्री एकट्या घरात प्रत्येक आवाज मोठा ऐकू येतो. तिन्हींतून फिरणारा धागा टाळण्याचा आहे. म्हणूनच "चार माणसांत जा, मन रमव" हा आपला सल्ला चुकीचा नसूनही लागू पडत नाही. ज्याचा पाय मोडलाय त्याला चालायला सांगण्यासारखा तो आहे. चालायचंच असतं शेवटी, पण आधी प्लास्टर, मग काठी, मग घरातल्या घरात.

ताईचा उपचार बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की समुपदेशन म्हणजे गोड बोलणं नव्हे. तिला जो प्रकार दिला त्याला प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर म्हणतात. साधारण ८ ते १५ बैठका, आठवड्याला एक, दीड-दीड तासाच्या. त्यात दोन कामं असतात. एक म्हणजे ज्या गोष्टी टाळतो त्यांची चढती यादी करायची आणि सोप्यापासून सुरुवात करायची. प्रत्येक वेळी भीती शंभरापैकी किती, ते सांगायचं. ताईचं पहिलं पाऊल म्हणजे वरच्यांकडे गॅस येईल तेव्हा नळ न सोडता खोलीत बसून राहणं. आकडा ८५. मी शेजारी बसलो होतो. तिनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठला. पळालो नाही तर तो आकडा आपोआप उतरतो, हे सांगून पटत नाही, बसून पटतं. वीस-पंचवीस मिनिटांनी ती म्हणाली, "साठ." चौथ्या खेपेला चाळीस.

दुसरं काम जास्त जड. डोळे मिटून ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, जणू आत्ता चालू आहे अशी, सांगायची. त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. हे आणि आमच्या मावसबहिणींचं "सांग ना" यांत फरक आहे. इथे क्रम असतो, थांबायचा हक्क असतो, आणि समोर शिकलेला माणूस असतो. बिनतारखेच्या बिलावर तारीख पडते ती अशी. हे एकट्यानं घरी करून बघायचं काम नाही. याच कुळातले दुसरे प्रकारही आहेत, काहींत विचारांची उलटतपासणी असते, ईएमडीआर नावाच्या पद्धतीत डोळ्यांच्या हालचालींचा वापर करतात. कुठला घ्यायचा हे जवळ कोण शिकलेलं आहे यावरही ठरतं, खोटं कशाला बोला.

सांगता सांगता तिसऱ्या-चौथ्या बैठकीत एक गोष्ट निघाली जी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. समोरच्या फ्लॅटमधले दादा त्या रात्री हाका मारत होते. ताईला ऐकू आल्या. तिनं ओ दिली नाही. आवाज फुटलाच नाही म्हणते. दादांनाही पहाटे मुलांनी वर काढलं, ते खणखणीत आहेत. पण तेव्हापासून ताईनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. जिन्याजवळचा बाक टाळायची ती यासाठी. असा अपराधीपणा या आजारात फार असतो, आणि तो लोकांपासून तोडतो. मार्चमध्ये एका संध्याकाळी ती दादांकडे गेली आणि सांगून टाकलं. दादा म्हणाले, "अगं बेन, कानाचं मशीन तर मी रात्री काढून ठेवतो. तू ओ दिली असतीस तरी मला काय ऐकू आलं असतं?"

आता औषधांबद्दल, हा माझा प्रांत. पीटीएसडी आणि डिप्रेशन दोन्हींत बहुधा सर्ट्रालीनच्या जातीच्या गोळ्या देतात. या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि यांचं व्यसन लागत नाही. काउंटरवर मला सगळ्यात जास्त दिसते ती एक गोष्ट: दहाव्या दिवशी माणूस येतो आणि म्हणतो, फरक नाही, उलट मळमळतं, बंद केली. मळमळ, जुलाब, थोडी अस्वस्थता हे पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत येतं आणि बहुतेकांचं जातं. गुण यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर, आणि लोक नेमके मध्ये सोडतात. दुसरे असतात ते बरं वाटलं की सोडणारे. बरं वाटल्यानंतरही निदान ६ महिने चालू ठेवायची असते, आणि बंद करताना पायरीपायरीनं. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आणि लोक म्हणतात बघा, सवय लागली. साठीच्या पुढच्यांचं रक्तातलं सोडियम कधीकधी उतरतं, गळून गेल्यासारखं किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांना कळवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा. शेजारणीला लागू पडलेली चिठ्ठी घेऊन येऊ नका, मी देणार नाही. आणि दारू. गुजरातमध्ये १९६० पासून बंदी आहे, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि झोपेसाठी 'थोडीशी' घेणारे किती आहेत तेही. तिनं झोप लागते पण मोडते, आणि उदासी वाढते.

दाखवायचं कुठे? बडोद्यात सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. शाळेत आम्ही कुणी वेडेपणा केला की "धाडा याला कारेलीबागला" म्हणायचो, त्यामुळे ताईला तिकडे नेताना माझेच पाय जड झाले होते. बाहेरच्या बाकावर आमच्या गल्लीतले दोघे जण बसलेले दिसले. तिघांनी एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखं केलं. घरातून निघणं होत नसेल तर टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. आणि माणूस मरणाची भाषा बोलत असेल, किंवा एकाएकी वस्तू वाटून टाकायला लागला असेल, तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "येतो. पण करणार नाही." ते ऐकल्यावर आम्ही झोपेच्या गोळ्यांचा डबा तिच्याकडून काढून घेतला आणि डॉक्टरांच्या कानावर घातलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला मानलं आहे, शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. पोलिसांच्या भीतीनं लपवाछपवी करायचं कारण नाही.

एकटेपणावर गोळी नाही. मंडळात नाव घाला, कट्ट्यावर जा, हे आम्ही करून पाहिलं, चाललं नाही. जमलेल्या बायकांत ती आणखी एकटी पडायची. चाललं ते वेगळंच. मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर मी तिला म्हटलं, दुकानात एक्स्पायरी काढायला माणूस नाही, तू येशील का तासभर? औषधांच्या दुकानात दर महिन्याला प्रत्येक खण उपसून मुदत संपत आलेले पत्ते वेगळे काढावे लागतात. कंटाळवाणं काम, आणि बारीक अक्षर. ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिची नजर माझ्यापेक्षा चांगली. पहिल्या दिवशी ती पंचवीस मिनिटं बसली आणि रिक्षा करून परत गेली. दुसऱ्या आठवड्यात तिनं माझ्या पोऱ्याला झापलं, नवा माल पुढे आणि जुना मागे लावलास म्हणून. डिप्रेशनच्या उपचारात याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन असं नाव आहे, म्हणजे मन लागायची वाट न बघता आधी हात कामाला लावायचे, मन मागून येतं. त्यात कुणाला आपली गरज असेल तर बरंच. तिला दया दाखवणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ होती. तिच्यावाचून अडणारं कुणी नव्हतं.

ती पूर्ण बरी झालीय का? नाही. जोराचा पाऊस लागला की ती रात्री आमच्याकडे रावपुऱ्यात झोपायला येते, पिशवीत बाळकृष्ण असतो. डॉक्टर म्हणाले, येऊ दे, पण दर पावसाला नको, एक आड एक. बातम्यांत नदीची पातळी दाखवायला लागले की ती उठून आत जाते. २०२५ चा जून-जुलै गोळी वाढवून काढला. पण श्रावणात तिनं गॅस पुन्हा चालू केला. फोन आला, "सिलिंडर येणार आहे अकरा वाजता, तू येऊ नकोस." मी गेलो, समोर दादांच्या दारात उभा राहिलो. गॅसवाल्यानं सिलिंडर उंबऱ्यावर टेकवला, ठक. ताईचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथेच राहिला. आतून आवाज आला, "सील दाखव आधी. आणि काटा कुठाय? वजन केल्याशिवाय मी पैसे देत नाही."